साखरेची बेटे आणि कुंडलिकेचे खोरे

कॅरिबियन बेटांची ओळख मराठी वाचकाला प्रामुख्याने क्रिकेटमुळे झाली. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने १९७१ साली वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका पहिल्यांदा जिंकली, त्याच मालिकेत सुनील गावसकर यांनी पदार्पणातच ७७४ धावा केल्या, आणि पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन ही नावे कोकणातल्या खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली. मात्र वेस्ट इंडिजच्या त्या एका संघात आफ्रिकी वंशाचे आणि रोहन कन्हाय यांच्यासारखे भारतीय वंशाचे खेळाडू एकत्र कसे आले, आणि एवढीशी बेटे निरनिराळे देश असूनही एकाच नावाने का खेळतात, हे प्रश्न धावफलकाच्या पलीकडचे असल्याने मागे पडले. त्यांची उत्तरे साखरेच्या व्यापारात, गुलामगिरीत आणि करारबद्ध मजुरीत आहेत. ती समजून घेताना रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीचे खोरे तुलनेसाठी फार उपयोगी पडते.

रोहे शहराजवळचे धाटाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. सह्याद्रीत उगम पावलेली कुंडलिका भिरे, कोलाड या बाजूने येऊन धाटाव आणि रोहे यांच्या परिसरातून पश्चिमेकडे वाहते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. या खाडीच्या उत्तरेस चौल आणि रेवदंडा ही पोर्तुगीजांची जुनी ठाणी आहेत. दक्षिणेस कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज वळणाची मिश्रभाषा बोलणारे गाव आहे. तेथून आणखी दक्षिणेस आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा जंजिरा आहे. तर उत्तरेकडे पेण तालुक्यात खाऱ्या पाण्याला बांध घालून तयार केलेली भातशेते आणि मिठागरे आहेत. पोर्तुगीज जहाजे, आफ्रिकेतून आणलेली माणसे, भाषांची सरमिसळ, समुद्राकडून मिळवलेली जमीन आणि पोटासाठी परदेशी गेलेले मजूर हे कॅरिबियन इतिहासाचे सारे घटक अशा रीतीने या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास आढळतात. तरीही येथे घडलेला समाज कॅरिबियन समाजापेक्षा मुळातून वेगळा आहे, आणि या वेगळेपणाचे कारण जमिनीवरील हक्काच्या इतिहासात शोधावे लागते.

कॅरिबियन समुद्र उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांच्या मध्ये, मेक्सिकोच्या आखाताच्या आग्नेयेस पसरलेला आहे. त्याच्या उत्तरेस क्यूबा, हिस्पॅनिओला, जमेका आणि पोर्तो रिको ही मोठी बेटे आहेत. त्यांना थोरले अँटिलीस म्हणतात. हिस्पॅनिओला या एकाच बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश नांदतात. पूर्वेकडे लहान बेटांची कमानीसारखी रांग आहे, ती धाकटे अँटिलीस होय. ही कमान दोन भूपट्टांच्या सीमेवर उभी असल्याने तिच्यातील अनेक बेटे ज्वालामुखीतून वर आलेली आहेत, आणि तेथील ज्वालामुखी अद्याप शांत झालेले नाहीत. मार्टिनिक बेटावरील मों पेले या पर्वताच्या ८ मे १९०२ रोजी झालेल्या उद्रेकात सां पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट होऊन सुमारे २८ हजार माणसे दगावली, आणि माँटसेरात बेटाची राजधानी प्लिमथ १९९५ नंतरच्या उद्रेकांच्या राखेखाली गाडली गेली. सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण त्याचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. याउलट बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडीचे आहे, आणि त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिका खंडाचा तुटलेला तुकडा असल्याने तेथे खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि डांबराचे नैसर्गिक तळे सापडते. या समुद्रात आज १३ स्वतंत्र द्वीपराष्ट्रे आहेत आणि त्यांच्याखेरीज फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन व अमेरिकेच्या ताब्यातील बेटे आहेत.

क्रिस्टोफर कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा द्वीपसमूहात उतरला, तेव्हा ही बेटे निर्जन नव्हती. मोठ्या बेटांवर टाइनो आणि लहान बेटांवर कालिनागो हे लोक कसावा नावाचे कंद आणि मका पिकवून, मासेमारी करून राहत होते. सोन्याच्या खाणींतली वेठबिगारी, युद्धे, उपासमार आणि देवीसारखे त्यांना अपरिचित असलेले रोग यांमुळे हिस्पॅनिओलावरील टाइनो समाज दोन पिढ्यांच्या आत जवळजवळ संपला. कालिनागो लोकांचा काही वंश डॉमिनिकासारख्या डोंगराळ बेटावर टिकून राहिला. कॅरिबियन इतिहासातील पुढची प्रत्येक घटना या विनाशावर उभी आहे, कारण मूळ शेतकरी नाहीसा झाल्यामुळे वहिवाट, गाव, वतन, देवस्थान असा कोणताही जुना हक्क ज्या जमिनीवर उरला नाही अशी सपाट, सुपीक आणि भरपूर पावसाची भूमी युरोपीय भांडवलाच्या हाती आली. जगाच्या इतिहासात इतकी कोरी करून घेतलेली भूमी विरळाच आढळते.

या भूमीवर लावले गेलेले पीक ऊस होते. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी हिस्पॅनिओलाला नेली. परंतु गुलामांकडून उसाचे मळे चालवण्याची पद्धत पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील मदेरा बेटावर त्यापूर्वीच सुरू केली होती, आणि पुढे साओ टोमे बेटावर वाढवली. मळा याचा अर्थ येथे केवळ मोठे शेत असा नाही. एकच पीक, एकच मालक, दूरची बाजारपेठ आणि सक्तीचे श्रम यांची एकत्र बांधलेली व्यवस्था असा आहे. ऊस तोडल्यानंतर एक-दोन दिवसांतच त्याचा रस बिघडू लागतो. त्यामुळे तोडणी, चरकावर गाळप आणि काहिलींत रस आटवणे ही कामे एकाच ठिकाणी, घड्याळाच्या शिस्तीने व्हावी लागतात. महाराष्ट्रातील गुऱ्हाळ याच गरजेतून उसाच्या फडाशेजारी लागते, पण ते शेतकऱ्याचे हंगामी काम असते. कॅरिबियन मळ्यावर मात्र तोडणीच्या महिन्यांत चरक रात्रंदिवस फिरत असे, झोपेने पेंगुळलेल्या मजुराचा हात चरकात सापडला तर तो तोडण्यासाठी जवळ कोयता ठेवण्याची रीत होती, आणि उकळत्या काहिलींपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते काम नाकारण्याचा कोणताही हक्क नव्हता. युरोपात यंत्रांचे कारखाने उभे राहण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी शेत आणि कारखाना यांचा असा जोड या बेटांवर तयार झाला होता. साखर काढून उरलेल्या मळीपासून रम ही दारू बनत असे, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मालात तिचाही समावेश असे.

बार्बाडोस हे या व्यवस्थेचे आरंभीचे ठळक उदाहरण होय. इंग्रजांनी १६२७ मध्ये तेथे वसाहत केली, १६४० नंतर उसाची लागवड झपाट्याने वाढली, आणि १६६१ मध्ये तेथील विधिमंडळाने गुलामांविषयीचा जो कायदा केला त्याने आफ्रिकी माणसाला मालमत्तेच्या पंक्तीत बसवले. इतर इंग्रजी वसाहतींनी पुढे त्याचेच अनुकरण केले. अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या आफ्रिकी माणसांची एकूण संख्या अभ्यासक सुमारे सव्वा कोटी मानतात. त्यांतील १८ लाखांच्या आसपास माणसे प्रवासातच मेली आणि जिवंत उतरलेल्यांपैकी फार मोठा वाटा कॅरिबियन बेटांच्या वाट्याला आला. ऊसमळ्यांवर मृत्यूंचे प्रमाण जन्मांपेक्षा अधिक असल्याने मालक नवी माणसे विकत घेत राहिले. त्रिनिदादचे इतिहासकार आणि पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ या ग्रंथात या नफ्याचा संबंध ब्रिटनच्या औद्योगिक भरभराटीशी जोडला. त्यांच्या मांडणीवर अजून वाद चालू असला, तरी साखरेचा इतिहास त्यानंतर पूर्वीच्या निरागसपणे लिहिता आला नाही.

ज्या पोर्तुगीजांनी साओ टोमेवर मळे उभे केले, त्यांचीच जहाजे १५०५ च्या सुमारास चौलच्या किनाऱ्याला लागली. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला, १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी तेथे गढी बांधली आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर जिंकून घेतला. परंतु कुंडलिकेच्या मुखाशी त्यांना रिकामी भूमी मिळाली नाही. चौल हे त्याआधीच शतकानुशतके अरबस्तान आणि आफ्रिकेशी व्यापार करणारे बंदर होते. त्याच्या पाठीशी घाटांवरून उतरणारे तांडे, विणकरांच्या पेठा, भात पिकवणारी गावे आणि कर वसूल करणारे एक समर्थ राज्य होते. पोर्तुगीजांनी येथे जकात घेतली, परवाने विकले, चर्च बांधली, घरात आणि गलबतावर गुलामही ठेवले. गावाची शेती उलथून तेथे मळे बसवण्याइतकी सत्ता मात्र त्यांना कधी लाभली नाही.

चौलच्या तटाआड पोर्तुगीज शिपाई, त्यांचे आफ्रिकी व आशियाई गुलाम आणि बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक लोक एकत्र राहिले, आणि त्यांच्यात पोर्तुगीज शब्दांची पण मराठीच्या सहवासात वाढलेली एक बोली तयार झाली. अशा भाषेला क्रिओल म्हणतात: परस्परांची भाषा न समजणाऱ्या लोकांच्या व्यवहारात जन्मलेली आणि पुढच्या पिढीची मातृभाषा झालेली मिश्रभाषा. मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेनंतर १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेले, सत्ताधारी निघून गेले, आणि किल्ल्याखाली राहिलेल्या शेतकरी ख्रिस्ती कुटुंबांनी ही बोली जपली. तिला भाषाशास्त्रज्ञ कोर्लई क्रिओल म्हणतात, बोलणारे तिला ‘नोउ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात, आणि आज ती बोलणारे सुमारे हजाराच्या आसपास आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हैतीची क्रिओल, जमेकाची पॅटवा, अरुबा व क्युरासाओ बेटांवरील पापिआमेंतू या भाषा अशाच संपर्कातून जन्मल्या; फरक इतकाच की तेथे मूळ भाषा बोलणारा समाज संपला होता किंवा दूरवरून तोडून आणला गेला होता, म्हणून क्रिओल हीच साऱ्या समाजाची भाषा झाली. हैतीने १९८७ च्या राज्यघटनेत तिला राजभाषेचा दर्जा दिला. कोर्लईत मात्र चारही बाजूंना मराठी असल्याने शाळा, बाजार आणि नोकरी या मार्गांनी नवी पिढी मराठीकडे सरकत आहे.

जंजिऱ्याचा इतिहास या तुलनेत अधिक विचार करायला लावणारा आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातून, माणसे पकडून विकण्याचा व्यापार अरबी समुद्रातही शेकडो वर्षे चालू होता. बगदादच्या बाजारातून जाऊन अहमदनगरच्या निजामशाहीत विकला गेलेला मलिक अंबर पुढे त्या राज्याचा कर्ता पुरुष झाला आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत दख्खनमध्ये दीर्घकाळ आदर्श मानली गेली. सिद्दींनी सतराव्या शतकाच्या आरंभापासून जंजिऱ्याच्या पाणकोटावर आपली सत्ता बसवली; शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या प्रयत्नांनंतरही तो कोट पडला नाही, आणि कुंडलिकेच्या खाडीपर्यंत उत्तर सीमा असलेले ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. एकाच खंडातून उचललेली माणसे एका समुद्रापलीकडे राज्यकर्ती झाली आणि दुसऱ्या समुद्रापलीकडे काहिलींपाशी राबून मेली. हिंदी महासागरातील गुलामगिरी सौम्य होती असा निष्कर्ष यातून काढणे योग्य नव्हे. मराठेशाहीतही कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री होत असे व त्या स्त्रियांना सेनापती होण्याचा मार्ग नव्हता. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्यापर्यंत या प्रथेला कायद्याचा आधारही होता. मात्र दख्खनच्या सुलतानांना सैनिक हवे होते आणि सैनिकाच्या हाती शस्त्र द्यावे लागते. बार्बाडोसच्या मालकाला केवळ हातांची गरज होती. जंजिरा संस्थानात सिद्दी मूठभर राहिले, त्यांची प्रजा कुणबी, आगरी, कोळी अशी स्थानिकच राहिली, आणि तिच्या जमिनी तिच्याच वहिवाटीत राहिल्या.

जमिनीच्या या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट पुरावा बांधांत मिळतो. पेण आणि अलिबागच्या खाडीकाठी भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाजणांना मातीचे बांध घालून, पावसाच्या पाण्याने त्यांतील खार धुऊन काढून भातजमीन तयार करण्याचे काम अनेक पिढ्यांनी केले आहे. बांध घालणाऱ्याला आणि तो राखणाऱ्याला त्या जमिनीत विशेष हक्क देण्याची जी रीत होती, तिच्यातून शिलोत्री जमिनींचा प्रकार निर्माण झाला. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असूनही इतिहासाने कॅरिबियन असलेल्या गयाना देशाचा किनाराही असाच समुद्रसपाटीखालचा असून डच मळेवाल्यांनी तो बांध आणि कालवे घालून लागवडीस आणला. तेथील इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी दाखवून दिले की त्या बांधांसाठी चिखलाची अवाढव्य रास गुलामांनी फावड्यांनी हलवली होती. काम एकच, घाम एकसारखाच. एका ठिकाणी त्या घामातून हक्क उत्पन्न झाला, दुसऱ्या ठिकाणी झाला नाही. मिठाचीही हीच कथा आहे: पेणच्या मिठागरांत आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कष्ट केले, तर टर्क्स बेटांवरील मिठागरांत राबवल्या गेलेल्या मेरी प्रिन्स या गुलाम स्त्रीने १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहून पायांना पडलेल्या जखमांचे वर्णन केले.

याचा अर्थ कोकणातील कूळ सुखी होते असा होत नाही. खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनी मध्यस्थ, कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा घेई आणि त्याच्यावर बिनमोल चाकरी लादी. या जुलमाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. शेतकऱ्यांना सहा वर्षे उपाशीपोटी संप चालवता आला, कारण ते ज्या गावात राहत होते ते गाव त्यांचे होते. मळ्यावरील गुलामाला राहते खोपटेही मालकाचे असे.

त्या परिस्थितीत प्रतिकाराचा मार्ग पलायन किंवा बंड एवढाच उरत असे. जमेकाच्या डोंगरांत पळून गेलेल्या मरून लोकांनी इंग्रजांना तह करायला भाग पाडले, आणि सां दोमिंग या फ्रेंच वसाहतीत १७९१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या उठावाने तर जगाच्या इतिहासात अपूर्व असे फळ मिळवले. सुमारे पाच लाख गुलामांच्या या वसाहतीने तूसाँ लूव्हेर्त्यूर आणि जाँ जाक देसालीन यांच्या नेतृत्वाखाली स्पेन, ब्रिटन आणि नेपोलियनच्या सैन्यांना तोंड देऊन १ जानेवारी १८०४ रोजी हैती या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्याची शिक्षाही या देशाला भोगावी लागली. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून, मळेमालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची, म्हणजे स्वतंत्र झालेल्या माणसांचीही, भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम पुढे ९ कोटींवर आणली गेली, परंतु ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा बोजा १९४७ पर्यंत हैतीच्या तिजोरीवर राहिला. आजच्या हैतीतील दारिद्र्य, १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात कोसळलेली राजधानी, जुलै २०२१ मध्ये झालेली राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईज यांची हत्या आणि त्यानंतर सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेलेले रस्ते यांचे वर्णन करताना हा हिशेब गाळला, तर ते वर्णन अन्यायाचे ठरते.

ब्रिटिश साम्राज्यात १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने संपली, मुक्त झालेल्यांना जुन्याच मालकाकडे राबवणाऱ्या सक्तीच्या उमेदवारीचा काळ १८३८ मध्ये संपला, आणि ब्रिटिश संसदेने मंजूर केलेली दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना काहीही मिळाले नाही. मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरवताच मालकांनी भारताकडे नजर वळवली. पाच वर्षांच्या करारावर मजूर नेण्याच्या या पद्धतीला करारबद्ध मजुरी म्हणतात आणि ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या मजुरांना गिरमिटिये हे नाव पडले. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे ब्रिटिश गयानात पोहोचली, ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ त्रिनिदादला लागले, आणि १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत पाच लाखांहून अधिक भारतीय कॅरिबियन प्रदेशात गेले. ते मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांतातून कलकत्त्यामार्गे व काही प्रमाणात मद्रासमार्गे गेले. मराठी मुलखातील मजूर मात्र मुंबईहून हिंदी महासागरातील मॉरिशस या साखरेच्याच बेटावर गेले, आणि त्यांत कोकणपट्टीचा वाटा मोठा होता.

मॉरिशसची घडण कॅरिबियन बेटांसारखीच आहे: फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करहून आणलेले गुलाम, १८१० नंतर ब्रिटिश सत्ता, आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून उतरलेल्या ३६ मजुरांपासून सुरू झालेली भारतीयांची आवक. ज्या धक्क्यावर पुढे सुमारे साडेचार लाख मजुरांची नोंद झाली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. या बेटावरील मराठी समाज संख्येने लहान असूनही गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातील जाखडी नाच तेथील कुटुंबांनी आजवर जपला आहे. घरातली भाषा मात्र बहुतेकांची मॉरिशसची क्रिओल झाली असून मराठी शाळेत आणि पूजेत उरली आहे. कोर्लईचे ख्रिस्ती शेतकरी क्रिओलकडून मराठीकडे येत असताना मॉरिशसचे मराठी कुणबी मराठीकडून क्रिओलकडे गेले; दोन्हीकडे भाषेचा निर्णय पोट भरण्याच्या ठिकाणाने केला.

करारबद्ध मजुरीविरुद्ध भारतात जो आवाज उठला, त्यात कोकणच्याच एका सुपुत्राचे स्थान मोठे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळ वसाहतीकडे होणारी भरती थांबवण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडून मान्य करून घेतला, आणि ४ मार्च १९१२ रोजी सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांनी फेटाळला गेला. पद्धत संपल्याचे पाहायला गोखले हयात नव्हते, परंतु त्रिनिदाद आणि गयानातील मजुरांच्या स्थितीचा प्रश्न मराठी माणसाने इतक्या अभ्यासाने प्रथम विधिमंडळापुढे नेला होता.

या बेटांना स्वातंत्र्य मिळाले ते उशिरा आणि विखुरलेल्या रीतीने. दहा वसाहतींचे वेस्ट इंडिज संघराज्य १९५८ मध्ये स्थापन होऊन १९६२ मध्ये मोडले, जमेका ६ ऑगस्ट आणि त्रिनिदाद-टोबॅगो ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले, बार्बाडोस १९६६ मध्ये, आणि लहान बेटे त्यानंतरच्या दोन दशकांत. १९७३ पासून कॅरिकॉम ही संघटना व्यापार आणि धोरण यांत एकसूत्रता आणण्याचा प्रयत्न करते, पण एकत्र राष्ट्र म्हणून ही बेटे उभी राहतात ती क्रिकेटच्या मैदानावरच. त्रिनिदादमध्ये आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या लोकांची संख्या जवळजवळ सारखी आहे आणि मतदान बहुधा त्याच रेषेवर विभागले जाते. मुक्त गुलामांची मजुरी पाडण्यासाठी गिरमिटिये आणले गेले, ही आठवण या दुराव्याच्या मुळाशी आहे.

ज्या ऑगस्टमध्ये जमेका स्वतंत्र झाला, त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढे धाटावला रसायनांच्या कारखान्यांची वसाहत उभी राहिली. या दोन घटनांचा थेट संबंध नाही, पण त्यांच्यामागचा विचार एकाच कुळीचा आहे. सेंट लुशिया बेटावर जन्मलेले आणि १९७९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे आर्थर लुईस यांनी १९५० च्या दशकात असे मांडले की शेतीत अर्धपोटी गुंतून राहिलेले मनुष्यबळ उद्योगाकडे वळवल्यास गरीब देश पुढे जाऊ शकतात, आणि त्यासाठी भूखंड, पाणी व सवलती देऊन बाहेरचे भांडवल आणावे. धाटावच्या आसपासच्या भातशेतीतून कारखान्याच्या पाळीवर जाणारा कामगार हा या विचाराचा चालताबोलता पुरावा आहे. कुंडलिकेला बारमाही पाणी मिळते तेही मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली सोडले जाते म्हणून, आणि त्या धरणासाठी जमीन गमावणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसह सत्याग्रह केला होता. उद्योगाची किंमत नदीने मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आले आहे. कॅरिबियनमध्येही अशीच किंमत मोजली गेली: मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवर केळीच्या बागांत १९७२ ते १९९३ या काळात वापरलेले क्लोर्डेकोन हे कीटकनाशक तेथील माती, पाणी आणि बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात अजून सापडते.

साखरेचे युग मात्र संपले आहे. सेंट किट्सने २००५ मध्ये ऊस बंद केला, त्रिनिदादच्या सरकारी साखर कंपनीने २००३ मध्ये कामगारांना निरोप दिला, केळ्यांना युरोपात मिळणारी सवलत जागतिक व्यापाराच्या वादात गेली, आणि बहुतेक बेटे आता पर्यटनावर जगतात. पर्यटन हाही एक-पिकी मळाच आहे असे तेथील अनेक अभ्यासक म्हणतात: अन्नधान्य बाहेरून येते, नफा बाहेर जातो, आणि शिकलेली मुले लंडन, टोरंटो, न्यू यॉर्क येथे निघून जातात.

त्यात या बेटांवर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. इकडे कोकणातही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन आणि मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रोहे तालुक्यातील घरांचे पत्रे उडाले. परंतु जिल्ह्याच्या मागे एक मोठे राज्य आणि त्याहून मोठा देश उभा होता. डॉमिनिकाची लोकसंख्या सुमारे सत्तर हजार, म्हणजे एकट्या रोहे तालुक्याहून कमी. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळाने या देशाचे एका रात्रीत केलेले नुकसान त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते, आणि ते भरून काढायला कर्जावाचून मार्ग नव्हता. शिवाय दरडोई उत्पन्न मध्यम दिसते या कारणाने कॅरिबियनमधील अनेक देशांना स्वस्त कर्ज नाकारले जाते.

कर्जाचे हे नियम १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जन्मलेल्या जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्थांचे आहेत. त्या परिषदेतील भारतीय प्रतिनिधींत, रोह्याशी घराण्याचे नाते असलेले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, आणि गरीब देशांच्या विकासाची निकड या नव्या संस्थांनी ओळखावी असा भारतीय प्रतिनिधींचा आग्रह होता. त्या वेळी कॅरिबियनमधील ब्रिटिश वसाहतींना तेथे स्वतंत्र आवाज नव्हता. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ब्रिजटाउन प्रस्तावात तोच आग्रह नव्या स्वरूपात आला: कर्जाची पात्रता केवळ उत्पन्नावर न ठरवता आपत्तीच्या धोक्यावर ठरवावी, आणि वादळ आले की हप्ते आपोआप थांबावेत. जुलै २०२४ च्या आरंभी ‘बेरिल’ वादळाने ग्रेनडाच्या करियाकू बेटावरील बहुतेक घरे मोडली, तेव्हा ग्रेनडाने आपल्या रोख्यांत आधीच घालून घेतलेले असे कलम वापरून कर्जाची फेड पुढे ढकलली आणि तो पैसा घरबांधणीकडे वळवण्याची सोय करून घेतली.